अभिमनची टॉवेल-टोपी

तोताराम मास्तरांच्या ऑर्केस्ट्राचे फोटो जळगावात अजून कुणाकुणाच्या भिंतीवर दिसतात. कुणाच्या हळदीचे, कुणाच्या गणपतीतले. मधोमध मास्तर, गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. शेजारी लताबाई, हातात माईक. ढोलकीवाला, बँजोवाला, सगळ्यांची तोंडं कशी उजळलेली. त्यातल्या एकाही फोटोत अभिमन नाही. ज्याने तो उजेड पाडला तो माणूस तेरा वर्षं स्टेजच्या डाव्या अंगाला, खाली, लाकडी फळीवर उकिडवा बसून होता. फोटोवाल्यांना तिकडे कॅमेरा वळवायचं कधी सुचलं नाही.

आता फोटोवाल्यांना शिव्या देऊन काय होणार? त्याचं जे वाटोळं झालं त्यात माझाही हात आहे. हात म्हणजे खरोखरचा हात. ते सांगायलाच बसले आहे.

अभिमन धुळ्याकडचा. चौथीत शाळा सुटली. दीपनगरचं वीजकेंद्र उभं राहत होतं तेव्हा ठेकेदाराकडे केबल ओढायला लागला. साहेब लोक काय जोडतात, कुठे बोट लावत नाहीत, हे बघून बघून शिकला. त्याची बायको भागाबाई जळगावात डाळमिलमध्ये निवडायला बसायची, आणि त्या मिलमधल्या बायकांची संघटना मी बांधत होते. मी स्वतः सातवी. कामगार कायद्याचं पुस्तक बोट ठेवून ठेवून वाचलेलं, पण मालकाच्या वकिलाला घाम फोडायचे. त्याचा मला माज होता, अजून आहे.

भागाबाईच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा अभिमन अंगणात बसून पाणी चाखत होता. चमचाभर पाणी जिभेवर घ्यायचं, थुंकायचं, बादलीत चिमूटभर मीठ टाकायचं, पुन्हा चाखायचं. मला वाटलं, माणूस बिघडला.

"अक्का, हाऊ मना डिमर शे," तो म्हणाला.

मुंबईच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांकडे उजेड कमीजास्त करायची यंत्रं असायची. मास्तरांनी तसलं यंत्र कधी घेतलं नाही. अभिमनने ते पाइपांतून बनवलं. आमच्या गावात पाइपांच्या कारखान्यांना तोटा नाही. फेकलेले कंबरेएवढे चार तुकडे आणले, बुडं बंद केली, आत मिठाचं पाणी भरलं. तळाला एक पत्रा. वरून दोरीला लटकलेला दुसरा पत्रा. पत्र्यांना वायर जोडलेली, म्हणजे वीज पाण्यातून जायची. दोन पत्रे जवळ आले की दिवा भडकतो, लांब गेले की मंद होतो, वरचा पाण्याबाहेर आला की विझतो. दोरी कप्पीवरून घेतलेली. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांना बाहेरून काळा रंग, आत चकाकी, आत मोठाले बल्ब, पुढे रंगीत जिलेटिनचा कागद. झाले स्पॉट.

प्रत्येक गावचं पाणी वेगळं, म्हणून चाखणं. मीठ जास्त झालं तर दिवा एकदम उडी मारतो आणि पाणी उकळतं. कमी पडलं तर गायिका मेल्यासारखी दिसते. पाणी चाखल्याशिवाय त्याने कुठल्या गावात दिवा लावला नाही. लताबाईच्या उजव्या गालावर लहानपणी भाजल्याचा डाग होता. अभिमन तिच्यावर तेरा वर्षं फक्त डावीकडून उजेड टाकत आला. तिने कधी सांगितलं नव्हतं, त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. भागाबाईने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थोडा राग होता. बायकोच होती ती.

तर या माणसाला काय पाहिजे होतं? आमच्याकडे कार्यक्रमाच्या मध्यात यजमान कलाकारांचा मान करतो. एकेकाचं नाव माईकवर पुकारायचं, तो पुढे येतो, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. गावासमोर. ढोलकीवाल्याला मिळायची. दोन विनोद सांगणाऱ्याला मिळायची. अभिमनचा टॉवेल कार्यक्रमानंतर गाठोड्यात गुंडाळून मिळायचा, कधी टोपी उरली तर टोपी. घरात असल्या टॉवेलांची चवड होती. तो एकही वापरायचा नाही. अंग पुसायला जुनं धोतर.

"वापरत का नाही रे?" मी विचारलं.

"माले कोनी दिधा नही तो. उरेल शे."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांच्या दुकानात. दिवसा ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. पेटीचा भाता उघडून बसले होते.

"मास्तर, अभिमन कलाकार आहे की हमाल?"

"या, कमलबाई. बसा. मोर्चा एकट्याच आणला?"

"उत्तर द्या."

"चांगला माणूस आहे तो. पण मान कलाकाराचा असतो. उद्या तंबूवाला म्हणेल मलाही टोपी, टेम्पोवाला म्हणेल मलाही."

"तुमचं तोंड कुणामुळे दिसतं लोकांना?"

"तोंड माझंच आहे ना पण?" मास्तर हसले. मग भाता खाली ठेवून खरं बोलले, "अहो, त्याला वर बोलावला तर खाली दोऱ्या कोण धरणार? मान घेताना स्टेजवर उजेड नको? तेरा वर्षं तिथेच अडलंय."

आणि मी म्हणाले, "मी धरते."

"तुम्ही?"

"दोरीच तर आहे. त्यात काय एवढं?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "पुढच्या आठवड्यात रावेरकडे हळद आहे, केळीवाल्या छगनआबांकडे. या."

मी जिंकल्यासारखी बाहेर पडले.

भागाबाईने त्या दिवशी मिलमध्ये खाडा केला. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. नवऱ्याला स्टेजवर तिने कधी बघितलंच नव्हतं, बघणार कुठून? टेम्पोत पाइपांच्या मधे बसून आम्ही गेलो. अभिमनने पांढरा सदरा घडी करून पिशवीत वेगळा ठेवला होता. कामाच्या वेळी तो घालायचा नाही, खाऱ्या पाण्याचे डाग पडतात म्हणून. त्याने विहिरीचं पाणी चाखलं, मान हलवली, मीठ कमी टाकलं.

मग माझ्याकडे आला. "अक्का, जरा दखी ल्या. दोरी..."

"अरे, मला शिकवतोस का? झेंडे चढवण्यात जन्म गेला माझा."

"तसं नही, अक्का. हाई उलटं..."

"तू सदरा घाल. ते बघ आधी."

थोड्या वेळाने पुन्हा आला. "पानीले हात लावू नका. आनि मास्तर वाढव म्हने तवय..."

"कळलं रे बाबा! एवढी मालकाच्या गेटवर उभी राहते मी, तुझ्या दोरीला घाबरेन होय?"

तो गप्प झाला. माझ्यासारख्या बाईपुढे त्याच्यासारखा माणूस गप्पच होतो. मालकापुढेही असाच व्हायचा. हे मला तेव्हा दिसलं नाही.

कार्यक्रम रंगला. मानाची वेळ आली. केळीच्या पैशाने गबर झालेले छगनआबा फेटा सावरत वर चढले. ढोलकी झाली, बँजो झाला, लताबाईंना साडी झाली. मग मास्तरांनी माईक धरला. "आणि आता असा कलाकार, जो तुम्ही कधी पाहिला नाही. ज्याच्यामुळे तुम्ही आम्हाला पाहता. श्री. अभिमन..."

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत भागाबाईने पदर सारखा केला.

अभिमनने चारी दोऱ्या एका दांडक्याला बांधून ठेवल्या होत्या. दांडकं माझ्या हातात दिलं, सदऱ्याची बटणं लावली आणि फळ्या चढून वर गेला. स्टेजवर कसं उभं राहायचं ते त्याला माहीत नव्हतं. उजेडात डोळे बारीक करून, हात मांडीला चिकटवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा. छगनआबांनी टॉवेल झटकून उलगडला.

मास्तर खाली वाकून ओरडले, "वाढवा! उजेड वाढवा!"

वाढवा म्हटल्यावर मी काय करणार? जे आयुष्यभर केलं तेच केलं. सगळी ताकद लावून दोरी ओढली. झेंडा वर जातो तसे चारी पत्रे सर्रकन वर आले, पाण्याच्या बाहेर, पाइपांच्या काठांवरून पलीकडे. अंधार. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा. वाढवायचं तर दोरी सोडायची असते. तेच तो मला दोनदा सांगायला आला होता.

आधी शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, टोपीवाला कुठी गेला बापा?" हशा पिकला. मी घाबरून दोरी सोडली. पत्रे पाइपांबाहेर लोंबकळले, एक ओल्या मातीला टेकून चरचरला. मी दांडकं टाकून मागे सरकले. हो, सरकले. गेटवर उभी राहणारी मी.

स्टेजवरून धप्पकन उडी पडली. अभिमनच. त्याने नुसता हात चाचपून मेनस्विच पाडला, पत्रे उचलून एकेक पाइपात सोडले, दोऱ्या सोडवल्या, स्विच वर केला आणि हळूहळू दोरी ढिली केली. पाण्यात हात घातला होता. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

उजेड आला तेव्हा स्टेजवर छगनआबा टॉवेल पसरून तसेच उभे होते, समोर कुणी नाही. ते वैतागले. "काय ओ मास्तर, कुठी गेला तुमचा मानूस?"

मास्तरांनी एकदा खाली अभिमनकडे बघितलं. मग लोकांकडे. मग दोन पावलं पुढे येऊन स्वतःचीच मान वाकवली. टॉवेल त्यांच्या खांद्यावर, टोपी त्यांच्या डोक्यावर, टाळ्या.

आणि अभिमनने त्या टोपीवर उजेड वाढवला. नीट, सावकाश, एकही झटका न देता.

परतताना टेम्पोत भागाबाई माझ्या शेजारी बसली नाही. पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसली.

मास्तरांनी त्याच पावसाळ्यात मुंबईहून डिमरची पेटी आणली. बटणं फिरवायची, कुणीही बसावं. "पुन्हा तसली फजिती नको," म्हणाले. अभिमनला काढलं असं ते कधी म्हणाले नाहीत, फक्त टेम्पो त्याच्या दारात थांबेनासा झाला. नव्या माणसाने लताबाईवर दोन्हीकडून उजेड टाकला. दोन हंगामांत तिने गाणं सोडलं. अभिमन पाइपांच्या कारखान्यात लागला, पहारेकरी म्हणून.

ब्याण्णव साली मी त्याच्याकडे गेले. पाच वर्षं लागली मला तेवढी वाट चालायला. घर आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. भागाबाईने चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली. ती माझ्याशी आजही मिलच्या कामापुरतंच बोलते.

"अभिमन, चूक माझी होती."

त्याने चहा बशीत ओतला. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी बोलत सुटले. संघटनेचा मेळावा आहे. तुझा सत्कार करू. टॉवेल, टोपी, सगळं. मी स्वतः नाव पुकारते. अडीचशे बाया टाळ्या वाजवतील.

"तठे लाईट कोन करई?" त्याने विचारलं.

"लाईट कशाला? भर दुपारी करू. लख्ख ऊन असतं."

अभिमनने बशी खाली ठेवली.

"मंग माले कसाले बलावतस, अक्का?"