गालातली कुपी

दिवसभर किडे मारणं हाच तिचा पेशा होता आणि त्यात तिचा हात धरणारं कॉलेजात कोणी नव्हतं. पोरं तिला चिमटाबाई म्हणत. जिवंत कोळी अल्कोहोलमध्ये बुडवताना तिची पापणीही लवत नसे.

यंदा टेबलावर डोंगरातल्या गुहेतले कोळी होते. फिकट, लांबटांगे, आणि इतरांना आठ डोळे असतात तिथे नुसतं गुळगुळीत कपाळ. आंधळे म्हणून कीव करण्याचं मात्र कारण नाही. पायांवरच्या केसांना हवा हललेली कळली की ते झडप घालतात, विषदंत रुतवतात आणि सावजाचा आतल्या आत रस करून पितात. भुकेली मादी नरालाही सोडत नाही. चिमटाबाईला पूर्ण वाढलेला नर मिळाला तो एकच.

त्या एकावरच सगळं अडलं होतं. कोळ्याची जात ठरते ती नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांवरून. त्यांच्या टोकांची घडण जातीगणिक वेगळी. ही जात नवी निघाली तर डोंगर फोडायचा खाणीचा परवाना रद्द होणार होता. आणि त्या खाणीत सुरुंग लावायला होता तिचा सख्खा थोरला भाऊ.

खाणीची माणसं भरदुपारी आली. शिपायाला जिन्यावरून ढकललं, त्याचं मनगट मोडलं, तो गुरासारखा ओरडला. मग दार फुटलं. फळ्यांवरच्या बरण्या कोसळल्या. पाय, पोटं, काचा, सगळं बुटांखाली चिरडलं गेलं. बाईने नराची पेरभर कुपी उचलली आणि दुसरं काही न सुचून गालात कोंबली.

पहार घेऊन समोर दादाच उभा.

"कुठंय तो किडा?"

ती गप्प.

"तुझ्या किड्यापायी माझी पोरं उपाशी मरतील! बोल की! मूग गिळलेस का?"

तिने नुसती मान हलवली. विचारल्यावर उत्तर न मिळणं दादाला लहानपणापासून खपत नसे. त्याने पहार टाकली आणि उलट्या हाताची अशी एक ठेवून दिली की ती टेबलावर आपटली.

तोंडात काच फुटली. जिभेचा शेंडा फाटला, वर अल्कोहोल, नुसती आग आग. तरी त्या हट्टी बाईने ना थुंकलं ना गिळलं. ओठ आवळून पडून राहिली. बेशुद्ध पडली असं समजून दादा घाबरला आणि माणसांना घेऊन निघून गेला.

मग ती बशीत थुंकली. रक्तात नराचा चोथा झाला होता, पण एक अवयव धड होता. टाके घालायला जाण्याआधी तिने तो भिंगाखाली धरला. टोकाला आकडा होता. त्या कुळात असा आकडा कोणाकडेच नव्हता.

डोंगर वाचला, खाण बंद झाली. महिन्याभराने दादा आला, वाळलेला, दाढी वाढलेला. "दाखव," म्हणाला, आणि सूक्ष्मदर्शकावर वाकला.

"हा तुझ्या तोंडात होता म्हणे? एक शब्द बोलली असतीस तर मी हात उचलला नसता गं."

इतके दिवस गिळलेला संताप तिच्या डोक्यात गेला.

"मी बोलले नाही म्हणून नाही, दादा," ती बोबड्या जिभेने म्हणाली. "तुला मारायचं होतं म्हणून मारलंस."

दादाने भिंगावरचा डोळा काढलाच नाही.