लाल पट्टी तापलेली असते

बाबांना काळवेळ कळेनाशी झाली, त्या हिवाळ्यात मी सुट्टी घेऊन कुरुदच्या घरी आले होते. दुपारचं जेवण झालं की घरावर पातळ झोप उतरायची. मागे आईची भांडी वाजायची, रस्त्यावरची धूळ उन्हात तरंगत राहायची, आणि बाबा उठून बूट घालायला लागायचे. सेकंड शिफ्टची वेळ. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झालेला माणूस डबा मागायचा, हेल्मेट शोधायचा.

"कुठं चालले?" आई विचारायची.

"ड्युटीवर. अजून कुठं?"

एकदा ते असेच निघाले ते थेट रेल्वे क्रॉसिंगपर्यंत पोचले. ओळखीच्या भाजीवाल्यानं हाताला धरून परत आणलं. त्याच संध्याकाळी आईनं बाजारातून मोठं कुलूप आणलं, पण गेटला काही लावेना. नुसतं मांडीवर घेऊन बसायची. "नवऱ्याले कोंडून ठेवू का मी?" म्हणायची आणि माझ्याकडे रागानं बघायची, जसं काही कुलुपाचा शोध मीच लावला.

मी म्हटलं, थांब जरा. मला एकच विद्या येते, ती लावून बघते.

ऑफिसात मी आर नावाच्या संख्याशास्त्राच्या भाषेत काळाच्या पट्ट्या काढते. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपलं, त्याची एकेक आडवी पट्टी. रंग आपला, जाडी आपली, क्रम आपला. साहेब लोकांच्या कामांच्या पट्ट्या काढून डोळे फुटायची वेळ आली होती. मग बापाचं आयुष्य का नाही काढायचं? भिंतीवर लावलं की त्यांना दिसेल, ड्युटी कुठं संपली आणि आपण आता कुठं आहोत.

"चित्रानं माणूस घरी थांबते का वं?" आई म्हणाली.

"बघ तर."

मी तक्ता भरला. भंडाऱ्याकडचं गाव, शाळा, पोलाद कारखान्यात रूळ बनवणाऱ्या रेल मिलची ड्युटी, सेक्टर दहाचं कंपनीचं क्वार्टर, कुरुदचं घर. पुढे सुरुवात, त्याच्यापुढे शेवट. प्रोग्राम चालवला तर क्रम भलताच, सगळं वर्णक्रमानं लागलेलं, शाळेच्या आधी नोकरी. तो सरळ केला. मग पाहते तर कुरुदचं घर गायब! त्याचा शेवट मी रिकामा ठेवला होता, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. ज्याला शेवट नाही ते त्या भाषेला काढताच येईना. मी वैतागले. अगं बये, जे चालू आहे तेच तर दाखवायचंय मला!

शेवटी सांगितलं, शेवट रिकामा असेल तर आजची तारीख धर. घर आलं. आता प्रोग्राम रोज चालवला की ती पट्टी रोज एका दिवसानं वाढणार होती. हे सुचल्यावर मी कितीतरी वेळ खिडकीशी तशीच बसून राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाबांची वर्षं एकाखाली एक निवांत पडली होती. डोळे अर्धे मिटले की त्या पट्ट्या हळूहळू वाहू लागायच्या. मला वाटलं, यातलं काही गेलेलंच नाही. गावातलं पोर अजून बोरं पाडतंय, सेक्टर दहाच्या अंगणात कोणी खाट टाकतंय, सगळं एकाच वेळी, फक्त आपापल्या ओळीवर. बाबाही असेच राहत असतील का? मला त्यांचा थोडा हेवा वाटला.

संपलेल्या पट्ट्या मी करड्या केल्या आणि चालू घराची लालभडक. ऑफिसात आम्ही तसंच करतो, आजचं ते लाल. दुर्गच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणलं आणि दाराशेजारी लावलं.

बाबा बूट घालून आले. थांबले. खूप वेळ पाहिलं, आणि चेहरा असा खुलला की माझा जीव भांड्यात पडला.

"ड्युटीची गार झाली," ते म्हणाले. "चालते आता. आन हे घराचं लाल हाय अजून. हितं नाई थांबायचं, बेटा." आणि मला हाताला धरून घराबाहेर काढू लागले.

आई मागून धावली. कोपऱ्यावरून त्यांना परत आणलं तेव्हा तिला धाप लागली होती. मी रडकुंडीला आले. ती पाणी प्यायली, मग तिनं कागदाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवं येडे, रेल मिलचा माणूस हाय तो. कूलिंग बेडवर तापलेले रूळ गार व्हायले असेच पडून राहतेत, एकाला एक लागून. लाल हाय तोवर दूर राहाचं. हे तुले कोणी सांगाव?"

खरंच की. लहानपणी ते माझा तापही तसाच बघायचे, हाताची मागची बाजू कपाळाच्या जरा अलीकडे धरून, आधी धग अजमावून.

मी प्रोग्राममधले फक्त दोन शब्द बदलले. ड्युटी लाल, घर करडं. दुसऱ्या दुपारी नवा कागद लावला. आई कुलूप घेऊन गेटाशीच उभी राहिली. आज नाही जमलं तर लावते, म्हणाली.

बाबा आले. ड्युटीच्या पट्टीजवळ हाताची मागची बाजू नेली आणि झटकन मागे घेतली. मग बोट न टेकवता, हवेतूनच, तिच्या टोकापर्यंत गेले.

"हितं कापली?"

"हाव बाबा. तिथं तुमी रिटायर झाले."

खालच्या, घराच्या करड्या पट्टीवर त्यांनी अख्खा तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला स्वतःचाच राग आला. त्यांची चालती ड्युटी मी एका कागदानं तोडली होती.

"रिटायरच्या दिवशी सगळ्यायले घरचे लोक प्लांटच्या गेटवर घ्यायले येतेत," ते हळूच म्हणाले. "हार घेऊन. मले कोणी आलं होतं?"

"मी आली होती ना," आई गेटावरून म्हणाली.

"मंग चाल. घरी जाऊ."

आईनं कुलूप माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि त्यांचा हात धरला. दोघं गेटाबाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि सावकाश परत वळले. गेटापाशी बाबा थांबले. घराकडे वर-खाली पाहिलं.

"चांगलं हाय वं," ते म्हणाले. "कोणाचं हाय?"

"आपलंच हाय," आई म्हणाली. "या आत."