लातूरची आई

माझी जाऊ वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कुणी विचारायला नको, की बाई गं, तिनं तुझं काय वाकडं केलं होतं? काहीच केलं नव्हतं. तेच तर मला खुपायचं. वाईट असती तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

लातूर जिल्हा झाला आणि माझ्या धाकट्या दिराला तिथं नोकरी लागली. नवा जिल्हा म्हणून नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणून नवी माणसं. आम्ही कंधार तालुक्यातले, आमचा जिल्हा नांदेड, पण दीर बारावी शिकलेला होता आणि वशिलाही कुठूनतरी जमला. त्याच्या मागोमाग जाऊ गेली. एक ट्रंक, एक स्टो आणि दोन गाद्या एवढंच सामान. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. दोघी एकाच घरात सुना होऊन आलो, एकाच चुलीपुढं डोळे चोळले. आता ती दोन खोल्यांची मालकीण आणि मी मागं खंडीभर माणसांच्या भाकरी थापायला. जळफळाट झाला का? झाला. लई झाला.

तिथं ती नवऱ्याच्या ताटाशेजारी आपलं ताट घेऊन जेवते, असं कुणीतरी येऊन सांगितलं. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

आता पोरीचं सांगते. आमच्या घरात मला सगळे वैनी म्हणायचे. दीर म्हणायचे, नणंदा म्हणायच्या, सालगडीसुद्धा म्हणायचा. ऐकून ऐकून माझी पोरगीही मला वैनीच म्हणायला लागली. सासूला सारं घर माय म्हणायचं, म्हणून पोरीची मायसुद्धा तीच. यात कुणाला नवल वाटायचं नाही, गावात किती घरांत असंच होतं. आणि सासऱ्यासमोर आपलं लेकरू आपण मांडीवर घेऊन लाड करायचे नाहीत, ही रीत. रडलं तर सासूनं उचलायचं, दुधापुरतं आपल्याकडं द्यायचं. मी सगळं पाळलं. आपलं काही राहून चाललंय असं तेव्हा मनातही आलं नाही. शेजारच्या घरातही तेच, पलीकडच्या घरातही तेच.

मग पाऊस दगा देऊन गेला, आणि दुसऱ्या वर्षीही आला नाही. आमची विहीर आटली, मग गावचा आड आटला. टँकर यायचा तर यायचा, नाहीतर माळापलीकडच्या झऱ्यावर जायचं, आणि तिथं वाटीनं पाणी भरत बसायचं. बायका थकल्या तशा पोरी निघाल्या. माझी पोर तेव्हा चौथीत. शाळेची घंटा व्हायची तेव्हा ही डोक्यावर कळशी घेऊन माळावर. गुरुजी एकदा घरी येऊन बोलून गेले, सासऱ्यांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

दिवाळीला दीर आला. पोर पाणी वाहताना त्यानं बघितली. जेवताना म्हणाला, "आबा, हिची शाळा बुडायली. मी नेतो लातूरला. तिथं निदान वर्ष तरी पुरं होईल." सासरे म्हणाले, "ने." झालं. मला कुणी विचारलं नाही, मीही मधे पडले नाही. शाळा बुडू नये असं मलाही वाटत होतंच की. शिवाय जावेला मूल नव्हतं, लग्नाला बरीच वर्षं झाली होती, बायका तोंडावर बोलायच्या. पोरगी जवळ राहिली तर तिलाही बरं, असं मी म्हणाले. म्हणजे बघा, मन किती मोठं केलं होतं मी!

ते मोठं मन उन्हाळ्यात एका लग्नात फाटलं. नणंदेच्या घरचं लग्न होतं. लातूरची मंडळी आली. मी पोरीला ओळखलंच नाही पटकन. झालरीचा फ्रॉक, दोन येण्या, येण्यांना लाल रिबिनी, पायात बूट. माझ्याजवळ आली, वाकून नमस्कार केला, "वैनी, बरी हाईस का?" म्हणाली आणि गेली पोरींत खेळायला. दुपारी मांडवात बायका बसलेल्या, समोर पुरुषांची पंगत, त्यात सासरेही. पोर खेळून दमून आली आणि धपकन जावेच्या मांडीवर आडवी झाली. जाऊ तिला थोपटायला लागली. सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत! मी आपली इकडंतिकडं बघायली, आता कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. सासरे कढी ओरपत होते.

तेवढ्यात पोर म्हणाली, "आई, पाणी."

मी जागची हलले नाही. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं लेकरू. जाऊ उठली आणि तांब्या घेऊन आली.

नणंद हसली. "अगं वैनी, तुझी पोर आई कुणाला म्हणायली बघ की!" साऱ्या बायका हसल्या. जाऊ लाजली, चेहरा असा उजळला तिचा की विचारू नका. मीही हसले. हसत हसत उठले, मांडवामागं गेले, आणि तिथं उगीच दोन ताटं परत घासली. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नऊ महिने मी वागवलं, कळा मी सोसल्या, आणि मी कोण? तर वैनी. जशी दिराची, तशी लेकीची.

लग्नाहून आलो आणि दुसऱ्याच दिवशी आमचे मालक, पोरीचे वडील, गोठ्यापाशी मला म्हणाले, "पोरीची चौथी झाली. गावात पुढं शाळा न्हाई. आबा म्हणतेत परत आणा, पाण्याला हात होईल. भाऊ म्हणतो पाचवीत नाव घालतो, शिकू द्या तिला. आता आली तर आली, मग शाळा काही होत न्हाई. तू ठरीव."

"मी?"

"मग काय मी? पोर तुझी हाय."

लग्न होऊन आल्यापासून मला या घरात कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. साडीचा रंगसुद्धा सासू ठरवायची. आणि पहिल्यांदा विचारलं ते हे! पण मला विचार करावा लागलाच नाही. "आणायची," मी म्हणाले. "मीच जाते आणायला." मालकांनी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, हिला पाण्याचं लई झालंय. पाणी गेलं खड्ड्यात! मला पोर त्या मांडीवरून उचलायची होती.

कंधारहून अहमदपूर, तिथून गाडी बदलून लातूर. सगळ्या वाटेनं मी मनातल्या मनात जावेशी भांडत होते. ती असं म्हणाली की मी तसं म्हणणार, तिनं डोळ्यांत पाणी आणलं की मी म्हणणार, बाई, रडायचं तर आपल्या नशिबावर रड, माझ्या पोरीवर नको. एकेक शब्द घोटून तयार केला होता.

दार पोरीनंच उघडलं. मला बघून थबकली. मग खुर्ची पुढं केली, पाण्याचा पेला आणला आणि म्हणाली, "बसा ना वैनी." बसा! गावात कधी मला अहोजाहो केलं नव्हतं तिनं. इथं आल्यागेल्याला असंच म्हणायचं, ते ती शिकली होती. मी बसले. पाणी पिले. गार होतं, माठातलं. नळ तिथंही रोज येत नव्हता, पण माठ भरलेला होता आणि तो पोरीनं भरलेला नव्हता.

जाऊ आतून आली. माझी रिकामी पिशवी बघितली आणि तिला कळलं. कपडे भरून न्यायला आणलेली पिशवी कुणालाही कळते. "न्यायला आलात का अक्का?" तिनं विचारलं. घरात ती एकटीच मला अक्का म्हणायची. मी म्हणाले, "हाव." बस्स. भांडलीच नाही ती. एवढी तयारी करून आलेली मी, माझं सगळं भांडण पोटातच राहिलं. तिनं चहा टाकला. मग पोरीचे फ्रॉक एकेक घडी घालून माझ्यापुढं ठेवायला लागली, तोही नवा झालरीचा. घड्या अगदी सरळ. मला तिचा असा राग आला! भांड की बाई. एक शब्द तरी बोल.

घड्या झाल्यावर तिनं फणी आणि तेलाची वाटी घेतली, पोरीला म्हणाली, "ये, गाडीला जायचंय, येण्या घालते."

"आण इकडं," मी फणी तिच्या हातातून ओढूनच घेतली. "आज मी घालते."

पोर माझ्यापुढं पाठमोरी बसली. मी केस मोकळे केले, मधे भांग पाडायला घेतला, आणि माझी बोटं माथ्यावर थांबली. पाणी वाहणाऱ्या आमच्या पोरींच्या डोक्यावर, जिथं चुंबळ बसायची आणि तिच्यावर भरली कळशी, तिथले केस घासून जायचे. रुपयाएवढी जागा गुळगुळीत व्हायची. दुष्काळात गावातल्या साऱ्या पोरींना तसं झालं होतं, माझ्या पोरीलाही. आता ती जागा मला सापडेना. मी तेल लावायचं निमित्त करून पुन्हा पुन्हा चाचपलं. तिथं केस होते. आखूड, मऊ, नुकतेच उगवलेले, बाकीच्या केसांत पुरते न मिसळलेले.

"भरलं आता तिथं," जाऊ हळूच म्हणाली. ती माझ्या बोटांकडंच बघत होती. "लई दिवस लागले, अक्का."

म्हणजे रोज बघत होती ती. रोज बोट लावून बघत होती. जळजळ थांबली असं वाटत असेल कुणाला, तर थांबली नाही, उलट वाढली. पण त्या कोवळ्या केसांवर परत चुंबळ ठेवायला माझा हात धजेना. जळून जळून माणूस किती जळणार, शेवटी पोर तर माझीच होती.

मी एक येणी घातली, दुसरी घातली. रिबीन मला बांधता येईना, ती जावेनं बांधली. मग मी विचारलं, "पाचवीत नाव कधी घालायचं असतं?"

जाऊ त्या फ्रॉकांच्या घड्यांकडं बघायला लागली, मग माझ्याकडं.

"आता ऐक," मी म्हणाले. "मी ठेवून चालले तिला. तू ठेवून घेतलीस असं न्हाई. आणायची का ठेवायची ते मला विचारलं होतं, आणि मी ठरवलं. कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

"हाव अक्का," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. रडायचं मी, तर तिथंही हीच पुढं!

पोरीला कळायला थोडा वेळ लागला. मग "मी राहणार? खरंच राहणार?" म्हणत ती उठली आणि धावत जाऊन गच्च मिठी मारली. जावेला. तिच्या पोटात तोंड खुपसून हसत होती. एवढी खूश झालेली पोर मी कधी बघितली नव्हती, आणि ती खुशी माझ्यापासून लपवायची असते हे कळण्याएवढी ती मोठी नव्हती.

जावेनंच ओशाळून तिचे हात सोडवले, माझ्या दिशेला वळवलं. "अगं, वैनीच्या पाया पड की."

पोर आली, शहाण्यासारखी वाकली, माझ्या दोन्ही पायांना हात लावून कपाळाला लावला. आणि मी, तिला जन्म दिलेली बाई, पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून तिला म्हणाले, "शाणी हो. लई शिक."