डोंगरे काकाजींचं डिफनबेकिया

डोंगरे काकाजी ड्यूटीवरून आले की चहाच्याही आधी कुंडीतल्या डिफनबेकियाची, त्या शोभेच्या झाडाची, पानं पुसायचे. डावा तळहात पानाखाली धरायचा आणि ओला फडका देठाकडून टोकाकडे न्यायचा. फडका काळा व्हायचा. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या आमच्या कॉलनीत दारं-खिडक्या लावल्या तरी राख घरात यायचीच, आणि पानं तर हातभर लांब, हिरव्यावर पांढरे शिंतोडे उडालेली. "माणूस नाकानं श्वास घेते, हे पानानं घेते. याचं नाक पुसू नको काय?" ते म्हणत.

काकाजी बॉयलरवर होते, समोरच्या क्वार्टरात एकटेच राहत. कूलरचा झोत अंगावर येणार नाही पण गारवा पोचेल, अशी जागा त्यांनी झाडासाठी शोधली होती. पाण्याआधी बोट मातीत खुपसून बघत. मी एकदा आपणहून तांब्याभर पाणी ओतलं, तर म्हणाले, "काहून वं? तहान लागली म्हणून त्यानं तुले सांगतलं का?"

पिवळं पान कापल्यावर मात्र हात दोनदा साबणानं धुवायचे. "याचा रस लय वाईट. आग आग करते. गुड्डीले जवळ येऊ देऊ नको. माझ्या घरून जाताना दार ओढून घेत जा."

गुड्डी माझी दीड वर्षाची मुलगी. त्या एप्रिलमध्ये काकाजी रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते. मी भाजीची वाटी ठेवायला गेले, स्टोव्हवरचं वरण आठवलं आणि पळत परत आले. दार तसंच राहिलं.

थोड्या वेळानं गुड्डी दिसेना. मी समोर धावले. ती कुंडीजवळ बसली होती. तोंड उघडं, लाळ गळत होती, मुठीत अर्धं पान. रडत होती, पण आवाजच निघत नव्हता.

माझ्या किंकाळीनं काकाजी उठले. त्यांनी तिचं तोंड पुसलं, गार दूध चमच्यानं पाजलं, उरलेलं पान खिशात घातलं आणि कॉलनीतली जीप थांबवली. वाटेत गुड्डीचे ओठ फुगत चालले.

"काकाजी, मरण येते का याच्यानं?"

"मले माहीत नाही वं."

मग त्यांनी खिशातलं पान काढलं, तुकडा तोडला आणि चावला. मी ओरडले. त्यांनी थांब म्हणून हात वर केला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ओठ जड झाले. कोराडी मागे पडली तेव्हा बोबडं बोलले, "लय जळते. पण श्वास चालू आहे. तिचा बी चालू राहीन."

नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर त्यांच्यावर चिडले. मोठ्याला सोसलं म्हणजे बाळाला सोसेल असं नसतं. सूज गळ्यात उतरली तर श्वास अडकेल, म्हणाले. दिवेलागणीपर्यंत मी गुड्डीची छाती वरखाली होताना बघत बसले. काकाजी भिंतीला टेकून उभे होते. शेवटी ती रडली. घोगरं, पण आवाजासकट.

तेवढ्यात माझे यजमान पोचले. "दार कोणी उघडं ठेवलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधी काकाजींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. जीभ इतकी सुजली होती की शब्द फुटत नव्हता.

"तुमचं लेकरू असतं तर समजलं असतं!" यजमान सगळ्यांसमोर म्हणाले. मी गुड्डीची लाळ पुसत राहिले.

दोन दिवसांनी काकाजींना बोलता येऊ लागलं, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही चूक आपल्यावर काहून घेतली?"

"तुले त्याच घरात राहायचं आहे. मले समोरच्या." मग कुंडीकडे बघून म्हणाले, "झाडाची काय चूक?" त्यांनी दाराला उंचावर कडी बसवून घेतली.

यजमान त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. काकाजी रिटायर होऊन काटोलकडच्या गावी गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं पत्र आलं, त्या संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं. मग त्यांनी काटोलच्या गाडीची वेळ विचारली.

गुड्डीला घेऊन आम्ही तेराव्याला गेलो. काकाजींच्या पुतण्यासमोर यजमानांनी हात जोडले. "काकाजीले मी लय बोललो होतो. चूक त्यायची नव्हती. दार आमच्याकडून उघडं राहिलं होतं."

"आमच्याकडून नाही," मी म्हणाले. "माझ्याकडून."