चिनी मुठीचा शेवटचा भाग

सरांनी माझ्या आबाजींचा उष्टा चहा ओठांपर्यंत नेला. फोटो निघेपर्यंत कप तसाच धरला. मग परसात जाऊन चहा ओतून दिला आणि बाटलीतल्या पाण्यानं खळखळून चूळ भरली. ओठाला थेंब लागला नव्हता. तरी चूळ भरली.

हे आमच्या घरी घडलं, सानगडीत. आबाजी म्हणजे माझे आजोबा. लकव्यानं अर्धं अंग गेलेलं, खाटेवरच असायचे. खाट परसाच्या दाराशीच होती. त्यांनी सगळं पाहिलं.

आता ही चहाची भानगड सांगते. आबाजी तरुणपणी कलकत्त्याला गेले. तिथं चिनी लोकांचे चामड्याचे कारखाने होते. आमची जात चामड्याची, तेव्हा काम लगेच मिळालं. मालक हाक्का, म्हणजे दक्षिण चीनकडचे. त्यांच्या घराण्यात एक मूठ चालत आली होती. मूठ म्हणजे लढायची विद्या. सिनेमात उड्या मारतात तसली नव्हे. कोपरं फासळ्यांना चिकटलेली, पाठ जराशी वाकलेली, हात मागं न ओढता वीतभर अंतरावरून दणका. पुढचे पाय जोडून बसणारा हिरवा किडा असतो ना, त्याच्यावरून घेतलेली, असं आबाजी सांगायचे. चीनमध्येही ती थोड्याच घरांत उरली आहे म्हणे.

मालकाच्या थोरल्या भावानं ती आबाजींना दिली. त्याची पोरं परदेशात गेली होती, त्यांना मुठीचं काही पडलं नव्हतं. आणि कातडी भिजवायच्या चुन्याच्या हौदात राबून त्याचे आणि आबाजींचे हात सारखेच सोललेले. त्या वासाला नाक मुरडून शहरातले लोक दोघांपासूनही लांबच उभे राहायचे.

त्या घराची रीत अशी, की शिष्यानं गुडघ्यावर बसून गुरूला चहा द्यायचा. गुरूनं अर्धा प्यायचा. उरलेला शिष्यानं प्यायचा, त्याच कपातून. प्याला की तो त्या घरातला. पट्टा नाही, सर्टिफिकेट नाही. आबाजी असेच त्या घरातले झाले. माझे हातपाय जरा लांब झाले तेव्हा मीही त्यांचा उष्टा चहा प्याले.

सरांचे साकोलीत कराटेचे क्लास. वडिलांची राइस मिल. मी क्लासात झाडू मारायची आणि लहान मुलींकडून कवायत करून घ्यायची. एकदा हॉलमध्ये कोणी नाही असं समजून मी मूठ करत होते, ते सरांनी पाहिलं. लगेच घरी यायला लागले. मी करून दाखवायची, आबाजी खाटेवरून हुं हुं करून चूक सांगायचे, सर मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्यायचे. पहिले दोन भाग असेच त्यांच्याकडं गेले.

तिसरा, शेवटचा भाग तसा जात नाही. तो एकट्यानं होतच नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटावर मनगट घासायचं, कातडी काळीनिळी होईपर्यंत. समोरच्याचा जोर कुठून येतो हे कातडीला कळतं, डोळ्यांना नाही. आबाजींनी आपला धड असलेला हात पुढं केला. सर म्हणाले, "ते नंतर बघू." माझ्याबरोबर एकदाच उभे राहिले, तेही हातावर रुमाल गुंडाळून. कशासाठी, ते मला कळलं. मी रुमालावरच मनगट घासलं. आमची चूल त्या क्लासवर पेटायची.

चहाच्या दिवशी सर गेल्यावर आबाजींच्या तोंडून शब्द फुटायला फार वेळ लागला.

"थो... चहा पेला नाही."

मग त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला सरांच्या गाडीमागं धावत जाऊन ओरडायचं होतं. मी कप घासून पालथा घातला.

पुढं साकोलीच्या मैदानावर सरांचा मोठा कार्यक्रम झाला. बॅनरवर चहाचा तोच फोटो. खाली लिहिलेलं, दुर्मीळ चिनी परंपरेचे भारतातील एकमेव वारस. फोटोतून आबाजी कापले होते. कप देऊन रिकामा झालेला त्यांचा हात तेवढा राहिला होता. नाव कुठंच नव्हतं.

मला स्टेजवर बोलावलं. ठरलं होतं असं, की मी मुठीचा पहिला पवित्रा धरायचा, सर धक्का देतील, मी पडायचं. पहिल्या पवित्र्यात दोन्ही तळवे वर करून पुढं धरतात. चिनी लोक त्याला भिकाऱ्याचा हात म्हणतात. समोरच्याला वाटावं, हा काय करणार! मी हात धरले. सर माइकवर म्हणाले, "हे मात्र हिला शिकवावं लागलं नाही. हात पसरायची यांना पिढ्यान्‌पिढ्यांची प्रॅक्टिस आहे."

मैदान हसलं. पाहुणे हसले. आमच्या वस्तीतले लोक मागं उभे होते, तेही हसले. आपण कशावर हसतोय हे कळायच्या आत हसले.

मी हात खाली घेतले.

"मी पडत नाही," मी म्हणाले. "सर, तुम्ही चहा पेलेच नाही."

माइक जवळ होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, चहा पाजा ना बाईले! काहून उपाशी ठेवून राहिले?"

पुन्हा हसणं, आधीपेक्षा मोठं. पायऱ्या उतरून मी निघाले. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी केली. ती छान पडली. टाळ्यांचा आवाज मला पार रस्त्यापर्यंत ऐकू आला.

काम गेलंच. धान कापणीला यायच्या आधी आबाजी गेले. सरांनी मोबाईलवर स्टेटस ठेवलं, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो तोच, कापलेला.

यंदा मी लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवत होते, तेव्हा सर आले. धुऱ्यावर, कडेच्या बांधावरच थांबले, चिखलात बूट घातला नाही. मी एकदम ताई झाले होते.

"ताई, तो शेवटचा भाग तेवढा राहिलाय. बाहेरचे लोक तोच विचारतात. बोर्डावर तुझं नाव टाकतो ना, मदतनीस म्हणून."

"मी नाही येत, सर."

"अगं, तुझ्यानंतर हे संपेल. कळतंय का तुला?"

"संपू द्या."

ते गेले. मी रोवत राहिले, पण ओळ वाकडी जात होती. कारण सर खरं बोलले होते. वस्तीतल्या मुली त्यांच्याच क्लासला जातात. आयांना सर्टिफिकेट हवं असतं, पोलीस भरतीच्या वेळी कामी येईल म्हणून. त्यात त्यांची तरी काय चूक! माझ्याकडं कोणीच आलेलं नाही. समोर दुसरं मनगट नसलं की कातडी विसरायला लागते, हे मला रोज जाणवतं. रोज थोडं जातं, आणि मी काही करू शकत नाही.

पण एवढं माझ्या हातात आहे. कोणी माझ्या मनगटाला उघडं मनगट लावायला आलं, तर कुठल्या घरचं म्हणून विचारणार नाही, सगळं देईन. कोणी आलं नाही, तर आबाजींची विद्या माझ्याबरोबर बेवारस मरेल. मरू दे. सरांना ती मिळणार नाही.