कानातली गिटार

बँडमध्ये त्याला सगळे खर्ज्या म्हणत. वाजवायचा बेस गिटार आणि बोलायचाही पोटातून, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो आणि बँडचा गायक एकत्र होते. गाडीत ड्रायव्हरच्या मागची दोघांची सीट ठरलेली. दौऱ्यावर शहरं बदलत, खोल्या बदलत, उशी तर रोज नवी; ती जागा तेवढी बदलत नसे.

मग नवा आला. जुना गिटारवाला दौऱ्यांना कंटाळून घरी बसला, त्याच्या जागी हा. बोटं सुरेख चालायची त्याची, पण खरा घात केला तो त्याच्या पोटाने. त्याला गाडी लागायची. "मागे बसला की ओकतो रे बिचारा," म्हणत गायकाने त्याला शेजारी घेतलं आणि खर्ज्याची रवानगी मागे, ड्रमच्या खोक्यांशेजारी झाली. तिथून त्याला दोन डोकी दिसायची. ती हसली की याच्या अंगाचा तिळपापड. एकदा तर गायकाने आपल्यातलं अर्धं सँडविच मोडून नव्याला दिलं. अंड्याचं! खर्ज्याचा जीव अंड्यावर आहे हे ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक होतं.

फोनवर त्याने हे बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं.

"अहो, सवत आल्यासारखं काय करताय?" ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"कळतंय की. इतकी वर्षं झाली लग्नाला, माझ्यापायी कधी एवढे जळला नाहीत."

त्याने रेंज नसल्याचं सोंग केलं.

स्टेजवर प्रत्येकाच्या कानात इअरफोन असतो. कुणाला कुणाचं वाद्य किती ऐकवायचं ते साउंडवाला ठरवतो. त्या संध्याकाळी तालमीच्या वेळी खर्ज्या त्याच्याजवळ गेला. "माझ्या कानातली गिटार बंद कर. डोकं उठतं."

"पूर्ण?"

"पूर्ण. गाणी पाठ आहेत मला."

गाणी पाठ होतीच. पण शेवटच्या गाण्याआधी गायकाचा घसा बसला. ते गाणं गिटारने सुरू व्हायचं आणि बाकीच्यांनी तिच्यावरून पट्टी ओळखायची, अशी त्यांची रीत. म्हणून गायक नव्याच्या कानात कुजबुजला, "पट्टी उतरव." नव्याने उतरवली. खर्ज्याला काहीच ऐकू आलं नाही. तो ड्रमच्या ठेक्यावर जुन्याच पट्टीत ठामपणे शिरला. आणि गायकाने डोळे मिटून गिटारचा सूर सोडला, खर्ज्याच्या बेसचा धरला. नवाही मुकाट्याने जुन्या, वरच्या पट्टीत चढला. वरच्या ओळीला गायकाचा आवाज भर सभागृहात फाटला.

पडद्यामागे गायकाने नव्याला झाडलं. शब्द कसेबसे फुटत होते. "पट्टी उतरव म्हटलं तर घोळ घातलास तू! मी आजवर खर्ज्याच्या सुरावर गात आलोय. तो चुकायचा नाही."

नव्याने खर्ज्याकडे पाहिलं. आणि आमचे खर्ज्या? खोटं कशाला सांगा, मेल्याला आतून गुदगुल्या झाल्या. किती दिवसांनी आपलं नाव गायकाच्या तोंडून असं आलं! गुदगुल्या विरायच्या आत दुसरी गोष्ट डोक्यात शिरली: हा माणूस माझ्यावर विसंबला, म्हणून त्याचा घसा फाटला.

सकाळी डॉक्टरांनी गायकाला आठवडाभर बोलायची सक्त मनाई केली. गाडीत त्याने नव्याला हातानेच मागची जागा दाखवली आणि शेजारची सीट थोपटली. खर्ज्या बसला. हवं ते सगळं मिळालं होतं. गायक त्याच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून पडला. घाट लागला तसा मागून नव्याच्या ओकाऱ्यांचा आवाज येऊ लागला. "अरे, पिशवी द्या कुणीतरी!" ड्रमवाला ओरडला.

खर्ज्याने दोन वळणं कशीबशी काढली. मग ड्रायव्हरला म्हणाला, "थांबवा हो."

त्याने नव्याला धरून पुढे आणलं, आपल्या सीटवर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. स्वतः दारात उभा राहिला.

"चूक याची नव्हती," तो गायकाला म्हणाला. "कानातली गिटार मी बंद करून घेतली होती. याचं वाजवणं मला ऐकवत नव्हतं. तू याच्याशी हसलास की मला सहन व्हायचं नाही."

गायकाने त्याच्याकडे पाहिलं. एरवी त्याने चार शिव्या तरी हासडल्या असत्या, नाहीतर हसून पाठीत धपका घातला असता. खर्ज्याला यातलं काहीही चाललं असतं. पण गायकाला आठवडाभर तोंड उघडायचं नव्हतं, आणि ते कुणामुळे, हे गाडीतल्या सगळ्यांना आता कळलं होतं.