विद्युलतानं स्वतःबद्दल लिहिलं

वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत विद्युलता तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या. मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईला आले आणि इथलीच होऊन गेले. टी. नगरच्या एका ऑफिसात मी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्यांची पर्सनल स्टेटमेंट्स तपासते. आपण कोण आणि हाच विषय का शिकायचाय, हे अर्जदारानं स्वतःच्या शब्दांत सांगायचं असतं. गुणपत्रिका सारख्याच दिसायला लागल्या की निवड करणारे हेच पान उघडतात. पण अलीकडे ही पानंही सारखीच येऊ लागली होती. प्रत्येकाला लहानपणापासून ओढ, प्रत्येकाला ध्यास. वाचून वाचून माझं मन बधिर झालं होतं.

विद्युलता तंजावूरकडच्या मराठी घरातली. त्रेचाळीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, लग्नानंतर घर सांभाळणारी. नवरा राणोजी अंबत्तूरच्या कारखान्यात नोकरीला, मुलगा कार्तिक कॉलेजात. जिन्यात भेटली की हसायची, बोलणं बेताचं. तिची मराठी जुन्या वळणाची. मला ऐकायला फार गोड वाटायची, पण माझ्यासमोर बोलायला ती संकोचायची.

एका रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली. हातात एक छापलेला कागद.

"अक्का, तुम्ही बघाल कां? मी एम.ए.ला अर्ज करतें. भाषाविज्ञान."

मला आश्चर्य वाटलं, पण कागद घेतला. इंग्रजी निर्दोष होतं. लहानपणापासून भाषांची ओढ, मानवी संवादाचं गूढ, समाजासाठी योगदान. असली पानं मी रोज वाचत होते.

"हे तू लिहिलंस?"

"कार्तिकनं कंप्यूटरकडून लिहवून घेतलें. माझें इंग्रजी पोहोंचत नाहीं."

"इंग्रजी छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

ती खुर्चीच्या कडेला बसली. "माझें काय लिहायचें, अक्का? मी काय केलें? स्वयंपाक केला, मामंजींचें केलें."

मामंजी म्हणजे तिचे सासरे, एकोजीराव. त्यांना पक्षाघात झाला होता, एवढं मला माहीत होतं.

"मग भाषाविज्ञानच का? शिवण का नाही, हिशेबाचा कोर्स का नाही?"

"मामंजींमुळें," ती म्हणाली. मी चहा ठेवला. मग ती हळूहळू सांगू लागली.

एकोजीराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, घरात मुलाशीही तमिळच. मराठी बोलायचे ते फक्त बायकोशी, सकवारबाईंशी. त्या गेल्या आणि घरातली मराठी जवळजवळ बंदच पडली. चार वर्षांपूर्वी दाढी करताना ते कोसळले. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. वाचा-उपचार करणाऱ्या बाई येऊन तमिळ आणि इंग्रजी शब्दांची चित्रं दाखवायच्या. एकोजीराव चित्राकडे बघायचे, तोंड उघडायचे, आवाज निघायचा पण शब्द व्हायचा नाही. मग ते रडायचे आणि कार्डं ढकलून द्यायचे. बाई चिकाटीच्या होत्या, पण महिने जात राहिले. नातेवाईक धरूनच चालले की डोकंही गेलं. त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलू लागले.

"आणि एक दिवस दूध उतूं गेलें," विद्युलता म्हणाली. "मी घाबरून ओरडलें. माझी आजी ओरडायची तशी, मराठींत. अग बाई, दूध गेलें! आणि आंतून आवाज आला. 'जाळ कमी कर.'"

मी कप खाली ठेवला.

"घरांत आम्ही दोघेंच होतों, अक्का. दूध सगळें ओट्यावर. मी तिथेंच उभी. मग आंत गेलें, तमिळमध्यें विचारलें, अप्पा, तण्णी वेणुमा? कांहीं नाहीं. नुसतें बघत राहिले. मग मराठींत विचारलें, मामंजी, पाणी पाहिजे? तर म्हणाले, 'पाहिजे.'"

दुसऱ्या दिवशी उपचार करणाऱ्या बाई आल्या, तेव्हा तिनं हे सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. अनेक भाषा बोलणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परत येईल हे सांगता येत नाही, जी आली तिचाच हात धरा, असं त्या म्हणाल्या. पण त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी विद्युलताला पद्धत शिकवली आणि काम तिच्यावर सोपवलं.

तेव्हा तिला कळलं की आपल्याकडेच शब्द कमी आहेत. ती तंजावूरच्या म्हाताऱ्या नातेवाईक बायकांना फोन करायची. सकाळी उठल्यापासून काय काय म्हणायचात ते सांगा, म्हणायची. उलथनं, पंचा, पायपुसणं, अडकित्ता. एकेक वस्तू आणून एकोजीरावांच्या हातात द्यायची आणि नाव घ्यायची. काही दिवस एकही शब्द यायचा नाही, काही दिवस शब्दांची रांग लागायची.

मग तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या घरच्या मराठीत कितीतरी तमिळ शब्द पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले. ते शब्द नुसते तमिळ म्हणून विचारले की एकोजीराव अडायचे. मराठी वाक्यात घालून विचारले की अलगद बोलायचे. मग तिनं वाक्यं तशीच रचायला घेतली. आज एक तमिळ शब्द, मग दोन. वाक्यातली मराठी हळूहळू कमी करत गेली. वर्षभरानं त्यांचे जुने सहकारी राजगोपाल भेटायला आले. एकोजीरावांनी मान वर केली, खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाले, "वा, राजगोपाल. उक्कारु." ये, बस. राजगोपाल बसलेच नाहीत. दाराला धरून रडत राहिले.

"इंग्रजी आलें नाहीं," ती म्हणाली. "आतां येणार नाहीं म्हणतात. पण मज सांगा अक्का, तमिळ मराठीच्या वाटेनं कशी आली? आंत काय झालें? दोन वर्षें हेंच डोक्यांत आहे."

इतकी वर्षं मी लोकांची पानं वाचत आले होते. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर एक बाई एका माणसाला शब्दाशब्दानं परत आणत होती आणि मला पत्ता नव्हता.

"हेच लिही," मी म्हटलं.

"हें? हें तर घरांतलें आहे!"

"हेच. तुला येईल तशा इंग्रजीत. मी फक्त स्पेलिंग बघीन."

तिनं लिहायला घेतलं आणि अडली. सासऱ्यांचं रडणं, त्यांची लाचारी परक्यांना वाचायला द्यायची कशी? त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही, असं तिनं ठरवलं. लिहून झालं त्या दुपारी तिनं मलाही वर बोलावलं. एकोजीराव खिडकीपाशी बसले होते, अंगावर पांढरा बनियन, डोळे तल्लख. तिनं लिहिलेलं मराठीत करून त्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मामंजी, हें पाठवूं कां?"

उत्तर लगेच आलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. ती थांबली, वाट बघायची तिला सवय होती.

"सगळें... ऐकूं यायचें," ते म्हणाले. "लोक बोलायचे तें. मज वाटलें, मी मेलों. आणि हें मेल्यावरचें." पुन्हा थांबले. "तूं ओरडलीस. दूध. तेव्हां कळलें. नाहीं मेलों."

विद्युलतानं हातातला कागद खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिनं त्यांना हजार वस्तूंची नावं विचारली होती, पण त्या महिन्यांत आत कसं होतं हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच झाली नव्हती. अर्जाच्या एका पानापायी त्याचं उत्तर न विचारताच मिळालं.

"हेंही लिही," एकोजीराव म्हणाले.

तिनं लिहिलं. इंग्रजी ओबडधोबड होतं, वाक्यं आखूड. मी स्पेलिंगं सुधारली आणि दोन ठिकाणी काळ बदलला. बाकी हात लावला नाही. लावावासाच वाटला नाही.

एका विद्यापीठानं शिक्षणातला वीस वर्षांचा खंड बघून अर्ज परत पाठवला. ती दोन दिवस खाली उतरली नाही. दुसऱ्या विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं. तिथे तिघे जण होते. तिघांपुढेही तिचं पान होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी गुणांबद्दल काहीच विचारलं नाही, असं तिनं परतल्यावर सांगितलं. मधल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "वाक्यात घातलेला तमिळ शब्द त्यांना जमायचा आणि सुटा जमायचा नाही, असं का होत असेल?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मज ठाऊक नाहीं म्हणून सांगिटलें. ठाऊक असतें तर घरींच बसलें असतें. तें कळावें म्हणूनच आलें."

तिला प्रवेश मिळाला. आता ती सकाळी डबा भरून मांबलम स्टेशनवर लोकल पकडते, वर्गात आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बसते. संध्याकाळी घरी आली की एकोजीराव रोज विचारतात, "काय शिकलीस?" आणि तिला ते मराठीत सांगावं लागतं.

परवा मी वर गेले होते, तर तिची पंचाईत झालेली. भाषेतला सगळ्यात लहान आवाज, जो बदलला की शब्दच बदलतो, त्याला घरच्या मराठीत शब्दच सापडेना. ती "पाट", "ताट", "वाट" अशी उदाहरणं देत होती. एकोजीरावांनी डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली, भाताचं शीत चिमटीत धरावं तशी, आणि बराच वेळ शब्द शोधत राहिले.

"दाणा," ते म्हणाले. "आवाजाचा दाणा."

विद्युलतानं पेन उचललं आणि वहीत तो शब्द लिहून घेतला.